मारुंजीकरणीचं मत

आमच्या मतदारसंघातल्या पहिल्या निवडणुकीच्या गोष्टी मी आजवर पुष्कळांना सांगितल्या आहेत. एक म्हातारा शेतकरी मत द्यायला पडद्यामागे गेला तो बाहेरच येईना. जाऊन पाहिलं तर मतपत्रिकेचे तुकडे करून प्रत्येक उमेदवाराच्या पेटीत तो एकेक तुकडा टाकत होता. "सगळी आपलीच मानसं," म्हणाला, "एकाला दिऊन दुसऱ्याचं तोंड कशाला वाकडं करायचं?" एका बाईनं पेटीला हळदकुंकू लावलं आणि कागद पेटीच्या वर तांदळासारखा ठेवून नमस्कार करून आली. ऐकणारे हसतात. मीही हसतो. शिक्षकांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, आणि हल्ली प्रत्येक निवडणुकीच्या ड्यूटीला तरुण मंडळी मला म्हणतात, गुरुजी, ती तुकड्यांची गोष्ट सांगा.

त्याच दिवशीची, त्याच खोलीतली आणखी एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. आता पन्नाशी जवळ आली. गेल्या महिन्यात ड्यूटीवरून परतताना एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, "तुम्ही त्या वेळी याद्या केल्या म्हणजे गावातला प्रत्येक माणूस तुम्हाला नावानिशी माहीत असणार!" मी हो म्हणालो. त्या 'हो'मुळं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. यात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. एकदा मी लोकांच्या नावांच्या बाबतीत फार सैलपणानं वागलो, आणि आता परवानगी विचारायला ती माणसं राहिलेली नाहीत.

मी चिंचवडच्या शाळेत लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पुणं खडकीपाशी संपायचं. पुढे दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी रुळांच्या बाजूनं गावं होती आणि मध्ये ज्वारीची रानं. पिंपरीला सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी वसली होती, तेवढीच काय ती नवी वस्ती. मतदारसंघ हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आपण हवेली तालुक्यातले हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चाकणकडचा माणूस आणि आपण मिळून दिल्लीला एक माणूस पाठवायचा, ही गोष्ट लोकांना गमतीची वाटे. "चाकणचा कांदा आनि आमची जवारी एका पोत्यात व्हय?" असं चावडीवर एकानं तलाठ्यांना विचारलं होतं.

नदीकडच्या आळीत मला एक खोली मिळाली होती. घर कोकणाच्या बाजूला दूर, वडील नाहीत, लग्न झालेलं नाही. शाळा सुटली की आळीतला आवाज हळूहळू कमी होत जायचा आणि मी दारात बसून समोरच्या भिंतीकडे पाहायचो. पोपडे उडालेल्या त्या भिंतीवर मला नकाशे दिसायचे. आठ-आठ दिवस माझं शाळेतल्या पोरांपलीकडे कुणाशी बोलणं होत नसे.

एक माणूस सोडून. शेजारच्या खोलीत एक बाई एकटी राहायची. पस्तिशीची असेल. तिचं माहेर मारुंजी, म्हणून आळीत सगळे तिला मारुंजीकरीण म्हणत. सासर वाकडचं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला बाहेर काढलं. माहेरी भावानं वर्षभर ठेवून घेतलं, मग त्याच्या बायकोनं भांडी आपटायला सुरुवात केली. तेव्हा ती चिंचवडला आली आणि गोधड्या शिवून पोट भरू लागली. गल्लीच्या तोंडाशी एक मुसलमान शिंपी होते, त्यांच्या दुकानातल्या चिंध्या ती पोत्यात भरून आणायची. माझी दोन वेळची भाकरी तिच्याकडे लावलेली होती. दिवेलागणीला ती ताटावर फडकं झाकून आणायची, उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि बाहेर ओट्यावर बसायची. मी आत जेवायचो, ती बाहेर बसून बोलायची. तिच्याकडे पाठ असे म्हणून मला बोलता यायचं.

"गुरुजी, भाकरी कच्ची हाय का?"

"नाही, चांगली आहे."

"तुमी रोज चांगलीच म्हनता. एक दिस करपवून बगते, मंग काय म्हनता ते कळंल."

निवडणुकीच्या आधी याद्या करायचं काम आम्हा शिक्षकांवर आलं. घरोघर जायचं, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. पुरुषांचं सोपं होतं. बायका मात्र दाराआड उभ्या राहायच्या. परक्या पुरुषाला बाईनं आपलं नाव सांगायचं नाही, नवऱ्याचं नाव तर घ्यायचंच नाही. घरातले पुरुष म्हणत, "लिवा की, धोंड्याची आई." किंवा, "माजी बायकू लिवा, अजून काय पायजे?" मीही लिहीत गेलो. अमक्याची आई, तमक्याची बायको, फलाण्याची विधवा. मारुंजीकरीण त्या वेळी नदीवर गेली होती. शेजारणीनं सांगितलं, "तिचं लिवा, वाकडकराची टाकल्याली." मी नुसतं 'वाकडकराची बायको' लिहिलं आणि पुढच्या दारी गेलो.

मग वरून पत्र आलं. अशा नोंदी चालणार नाहीत. प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव पाहिजे, नाहीतर नोंद काढून टाकली जाईल. तलाठ्यांनी मला बोलावलं आणि पुन्हा घरोघर जायला सांगितलं. शनिवारपर्यंत यादी हवी होती.

पहिले दोन दिवस मी गेलो. दहा घरांत नावं मिळाली, पाच घरांत शिव्या मिळाल्या. "गुरुजी, सरकारला बायकांची नावं कशाला? गाणी म्हनायचीत का?" असं एकानं विचारलं तेव्हा ओट्यावरची सगळी माणसं हसली. तिसऱ्या दिवशी मी गेलो नाही. दुपारी मुलांना कवायतीला बाहेर काढलं, वर्गात एकटा बसलो, आणि उरलेल्या बायकांची नावं मनानंच लिहिली. माझ्या आत्यांची, मावश्यांची, गावाकडच्या शेजारणींची नावं. मला तेव्हा वाटलं, सरकारला कागद भरून हवा आहे, तो भरला. बाया काही मत द्यायला येणार नाहीत.

बाकीच्यांसाठी माझ्याकडे आळसाचं कारण होतं. मारुंजीकरणीसाठी तेही नव्हतं. तिच्या घरी जावं लागणार नव्हतं, ती रोज दोन वेळा माझ्या दाराशी येत होती. पण पारावर बसणारे लोक मला आधीच टोमणे मारायचे. "गुरुजींची तब्येत सुधारली राव! मारुंजीच्या पाण्याचा गुन." मी मान खाली घालून पुढे जायचो. एकट्या बाईला एकट्या पुरुषानं तिचं नाव विचारायचं म्हणजे काय, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. ती ताट ठेवून बसायची, मी विचारायचं म्हणून तोंड उघडायचो आणि मीठ मागायचो. शेवटी तिच्याही नोंदीपुढे मी माझ्या एका चुलत आत्याचं नाव लिहिलं.

यादी चावडीवर लागली. एक दिवस भाकरी ठेवून ती ओट्यावर बसली. मग म्हणाली, "गुरुजी, माजं नाव लागलं का?"

"कशात?"

"यादीत. शिंपीचाचा म्हनत हुते, त्यांचं लागलंय, त्यांच्या बीबीचं लागलंय. म्हनलं, तुमाला इचारावं. तुमीच लिवलंय न्हवं?"

उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून मी घास तोंडात घातला. "लागलंय," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

मग ती बोलली ते मला शब्दशः आठवतं. "वाकडला रेशनच्या कार्डावरनं माजं नाव काडलं. भावानं त्याच्या कार्डावर घातलं न्हाई. कुटल्याच कागदावर मी न्हवते बगा. आता ह्या एका तरी हाय." आणि ती उठून गेली. जाताना ती काहीतरी गुणगुणत होती. तोवर मी तिला गाताना ऐकलं नव्हतं.

तेव्हा तिला सांगायला हवं होतं. यादी दुरुस्त करायला थोडे दिवस होते, अर्ज करता आला असता. मात्र तो अर्ज तलाठ्यांच्या हातात गेला असता, त्यांनी विचारलं असतं, हिचं चुकलं कसं, मग बाकीच्यांचं काय? नवी नोकरी होती. मी गप्प बसलो. पुढे रोज ती येई तेव्हा मला वाटे, आज सांगू. रोज मी भाकरी चांगली आहे म्हणायचो.

मतदान थंडीत झालं. आमच्याच शाळेत केंद्र होतं. दोन पडदे लावले होते, एकामागे दिल्लीच्या पेट्या, दुसऱ्यामागे मुंबईच्या. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याच्या निशाणीचं चित्र. पुण्याहून आलेले एक वयस्कर कारकून केंद्राध्यक्ष होते आणि यादी घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मतदार नाव सांगे, मी यादीत शोधून खूण करी, मग शाई लावणारा बोटाला शाई लावी.

ती सकाळीच आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. रांगेत तिच्या मागे शिंपीचाचा उभे होते. तिची पाळी आली तेव्हा ती माझ्याकडे पाहून थोडी हसली, ओळखीचा माणूस टेबलावर बसलाय म्हणून. केंद्राध्यक्षांनी विचारलं, "नाव?"

तिनं नाव सांगितलं. इतक्या हळू की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं. वर्षभर तिच्या हातची भाकरी खाऊन मी ते नाव त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होतो. साधं, लहान नाव होतं.

मी यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, परत वरून खाली. तिच्या खोलीच्या नोंदीवर, माझ्या आत्याच्या नावावर माझं बोट दोनदा गेलं.

"नाही," मी म्हणालो.

"नीट बगा की गुरुजी," ती म्हणाली. "तुमीच म्हनला हुता."

केंद्राध्यक्ष म्हणाले, "बाई, यादीत नाव नाही तर मत नाही. बाजूला व्हा, मागं रांग आहे."

शिंपीचाचा पुढे आले. "साहेब, ही बाई हितलीच हाय. माझ्या दुकानाच्या मागं ऱ्हाती. मी वळखतो, अख्खी आळी वळखती. ओ गुरुजी, तुमी सांगा की! तुमी तर शेजारी."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक वाक्य बोलायचं होतं. नाव चुकीचं पडलंय, बाई हीच आहे. तेवढ्यानंही कदाचित झालं असतं, केंद्राध्यक्ष काही वाईट माणूस नव्हते. मी यादीकडे पाहत म्हणालो, "यादीत नाही, त्याला मी काय करणार?"

ती बाजूला झाली. दाराशी क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि गेली. शिंपीचाचांनी मत दिलं, पण जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एका उमेदवाराचा गावातला माणूस एका बाईला घेऊन आला. तोंडावरून पदर ओढलेला, परगावची असावी. त्यानं आपल्या हातातल्या यादीत पाहून नाव सांगितलं. माझ्या आत्याचं नाव. घरनंबर मारुंजीकरणीच्या खोलीचा.

त्या नावाची बाई जगात नाही हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि ते म्हणायचं तर मला कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं. मी खूण केली. तिच्या बोटाला शाई लागली. ती दोन्ही पडद्यांमागे जाऊन आली आणि बैलगाडीत बसून गेली. संध्याकाळी पेट्यांना लाख लावून झाल्यावर तो माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या यादीतल्या काही बाया आमाला गावात घावंनात राव! शेवटी आमीच उभ्या केल्या." मीसुद्धा हसलो. हसलो, हे लिहिणं सगळ्यात जड जातं आहे.

मला वाटलं, त्या दिवशी ताट येणार नाही. पण दिवेलागणीला ती आली. ताट ठेवलं, ओट्यावर बसली. आळीतल्या बाया समोरून नदीकडून येत होत्या, एकमेकींना शाईची बोटं दाखवत. त्यातल्या एकीनं विचारलं, "काय गं मारुंजीकरनी, टाकलंस का न्हाई?"

तिनं डावा हात वर केला. पहिल्या बोटाच्या नखाशी काळा डाग होता.

मी कंदील मोठा केला. शाईचा डाग निळसर काळा होता, दिवसभर मी तोच पाहत होतो. हा तपकिरी होता आणि कडेला कातडी तांबडी होऊन फुगली होती. बिब्ब्याचा होता. बिब्बा तापवून त्याचं तेल तिनं बोटाला लावलं होतं, कापडावरूनही न जाणारा तो डाग. बायांना दाखवायला. बाया हसत पुढे गेल्या. तिनं हात खाली घेऊन पदरात गुंडाळला. मी पाहिलं हे तिला कळलं असावं. त्या दिवशी भाकरी कच्ची आहे का, असं तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट उतलं. फोड आला, फुटला. गोधडी शिवताना खालून आधार देणारं तेच बोट. आठ-दहा दिवस तिची शिवण बंद होती. खोबरं चावून ती बोटावर लावायची. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "बिबा फोडत हुते वाणीनीसाठी, उडला." आम्ही दोघंही तेवढ्यावर राहिलो.

वर्षभरात माझी बदली चाकणच्या बाजूला, कुरुळीला झाली. मीच अर्ज केला होता. निघताना तिनं मला एक गोधडी दिली. कुरुळीत मी एका मारुतीच्या देवळामागच्या खोलीत राहिलो, हातानं रांधून खाल्लं, आणि थंडीत ती गोधडी पांघरताना दर वेळी तिची बारीक टाकेदार कड माझ्या बोटांना लागायची. मी ती उलटी पांघरायचो. बोलायला कुणी नव्हतं आणि असतं तरी जे सांगायचं ते सांगण्यासारखं नव्हतं. माणसाजवळ एकच गोष्ट बोलायची उरली आणि तीच बोलता येत नसली की तो इतर गोष्टीही हळूहळू बोलेनासा होतो. माझं तसं झालं. कुरुळीतले लोक मला मुका गुरुजी म्हणायचे.

दुसरी निवडणूक जवळ आली तेव्हा याद्या पुन्हा नव्यानं झाल्या. वारं बदललं होतं. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, हे शेतात खुरपणाऱ्या बायकाही बोलत होत्या. कुरुळीत मी एका दारी गेलो. नवी सून पुढे आली, नाव सांगितलं, आणि मी वही मिटणार तेवढ्यात म्हणाली, "वाचून दावा."

"लिहिलंय बाई."

"लिवलंय ते कळलं. वाचून दावा. नंतर न्हाई निघालं तर मी कुनाला धरू?"

सासरा ओरडला, "आगं, गुरुजी हायत ते!" तरी ती हलली नाही. मी वाचून दाखवलं. मग वही तिच्याकडे फिरवून त्या ओळीवर बोट ठेवलं.

पुढच्या रविवारी मी नाव नोंदवण्याचा कोरा अर्ज घेऊन चिंचवडला गेलो. पिंपरीत औषधाचा कारखाना उभा राहिला होता. आळीत सातारा, कोकण, मराठवाड्याकडचे कामगार खोल्या करून राहत होते. माझ्या जुन्या खोलीत तिघं होते. शिंपीचाचा वारले होते, दुकान मुलगा चालवत होता. ती दारात गोधडी पसरून बसली होती. केस पिकले होते.

"गुरुजी! वाट चुकला का?"

मी ओट्यावर, पूर्वी ती माझ्या दारी बसायची तसा बसलो. ती उंबऱ्याच्या आत होती. या वेळी पाठ करायची नाही असं ठरवून आलो होतो, तरी बोलताना मी गोधडीकडेच पाहत होतो. म्हणालो, "मागच्या वेळी तुमचं नाव यादीत नव्हतं, ते माझ्यामुळं. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. मनानं लिहिलं."

सुई चालत राहिली. "मनानं? कंचं?"

मी सांगितलं.

तिनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "ही कोन?"

"कुणी नाही. माझी एक आत्या होती त्या नावाची. वारली."

"मंग तिचं मत?"

मी ते पण सांगितलं. बैलगाडीतून आलेली बाई, खूण, शाई. तिनं सुई कापडात खोवून ठेवली.

"म्हंजे जी न्हवतीच तिचं पडलं," ती म्हणाली. मग गोधडीची कड सारखी करत, "मला वाटलं वाकडकरानं कापलं. कार्डावरनं कापलं तसं हितनंबी कापलं. पाच वर्सं त्या मानसाला ह्या पायी शिव्या घातल्या, गुरुजी. रोज. सकाळी चूल पेटवताना एक, दिवा लावताना एक." आणि ती मोठ्यानं हसली. "ह्या एका बाबतीत त्यो गरीब निगाला बगा!"

मला वाटलं, हसली म्हणजे संपलं. पण हसू ओसरल्यावर ती माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "रोज दोन टायमाला येत हुते मी. इचारायचं हुतं की."

"लोक काय म्हणतील असं वाटलं."

"लोक म्हनतच हुते."

मी अर्ज पुढे केला. तिनं तो बराच वेळ पाहिला; वाचता येत नव्हतं, तरी पाहिला. मग नाव सांगितलं. या वेळी स्पष्ट. अर्जात पुढे नवऱ्याचं किंवा बापाचं नाव लिहायची जागा होती. "बापाचं लिवा," ती म्हणाली. मी लिहिलं आणि तिनं न मागता वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला बिब्ब्याचा व्रण होता, वाटाण्याएवढा, गुळगुळीत. तो अर्ज मी स्वतः कचेरीत जाऊन दिला, आणि यादी लागल्यावर पुन्हा जाऊन नाव पाहून आलो. ते होतं.

मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी चाकणजवळच्या एका केंद्रावर होती. आमचा सगळा पट्टा त्या वर्षी नुसता धावत मतदानाला आला होता. निकाल काय लागला हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी लिहायची गरज नाही. मी यादीवर खुणा करत होतो आणि प्रत्येक बाईला नाव दोनदा विचारत होतो. माझा केंद्राध्यक्ष वैतागून म्हणाला, "गुरुजी, ऐकू कमी येतं का?" मी म्हणालो, हो.

आठवड्यानं मी चिंचवडला गेलो. दुपारची वेळ होती. ती चुलीपाशी होती, कामगारांचे चार डबे एका ओळीत मांडलेले. मी दिसताच तिनं डावा हात पुढे केला. त्याच बोटावर, व्रणाच्या वर, नखाशी निळसर काळी शाई होती, अजून न उडालेली.

"पडलं," ती म्हणाली. "त्या मानसानं नाव पुकारलं. मोठ्यांदा. सगळ्या लायनीनं ऐकलं. बाया म्हनल्या, अगं बया, हे तुजं नाव व्हय? येवडी वर्सं पोटात ठिवलंस!"

"मत कुणाला दिलं?" मी उगाच बोलायचं म्हणून विचारलं.

"ते तुमाला कशाला?" ती म्हणाली. रागानं नाही. पण हसलीही नाही.

तिनं मला पाणी दिलं, मग चहा दिला. वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता, तव्यावर भाकरी फुगत होती. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. पूर्वी कुणीही दारात आलं, अगदी कल्हईवाला आला, तरी ती 'जेवून जा' म्हणायची. मी कप हातात धरून बसून राहिलो. बाहेरून एका कामगाराची हाक आली, दुसरी शिफ्ट आहे, डबा झाला का म्हणून. त्यानं तिला तिच्या नावानं हाक मारली, पुढे मावशी लावून. ती "व्हय, आले" म्हणत उठली. ते नाव घेऊन मीही एकदा तिला हाक मारावी असं मनात आलं. मी ते एकदा अर्जावर लिहिलं होतं, वाचून दाखवलं होतं, यादीत पाहिलं होतं. हाक म्हणून तोंडातून निघालं नाही.

एकेक करून चारही डबे गेले. उरलेल्या दोन भाकऱ्या तिनं टोपल्यात ठेवल्या आणि वर फडकं झाकलं. पूर्वी माझ्या ताटावर झाकायची तसंच.

"येतो," मी म्हणालो.

"या," ती म्हणाली आणि चुलीतली लाकडं मागं ओढू लागली.

कासारवाडीपर्यंत मी चालत गेलो. रुळांच्या कडेला कारखान्याच्या नव्या भिंती उभ्या राहत होत्या, ज्वारीची रानं मध्येमध्ये उरली होती. चाकणची एस.टी. यायला वेळ होता. थांब्यावर एक भेळवाला होता. त्यानं विचारलं, "देऊ का गुरुजी?" मी नको म्हणालो आणि कुरुळीला जाऊन हातानं भाकरी थापली. ती कच्ची राहिली होती. तशीच खाल्ली.